डॉक्टर रजेवर गेले तो उन्हाळा

दोह्यातल्या बिन महमूद भागात आमच्या बिल्डिंगसमोर, रस्त्याच्या मधोमध खजुराची सात झाडं आहेत. जून लागला की नगरपालिकेची माणसं शिडी लावून त्यांच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधतात, पिकलेली फळं खाली सांडू नयेत म्हणून. परवा सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना त्या पिशव्या दिसल्या आणि मी एकदम घाबरले. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. नोकरी सांभाळून मी नर्सिंगची पदवी करते आहे, तिच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली आहे, एवढंच. पण ही भीती या परीक्षेची नव्हतीच. ती चार वर्षांपूर्वीच्या जूनमधली होती, आणि ती ओळखीची निघाल्यावर मला चक्क हसू यायला लागलं. बसमध्ये शेजारच्या मिसनी विचारलं, "क्या बात है सिस्टर, आज बहुत खूश?" मी म्हटलं, "एग्झाम है."

चार वर्षांपूर्वी मला दोह्यात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शाळेचा दवाखाना म्हणजे जिन्याखालची एक खोली. त्यात एक पलंग, वजनाचा काटा, औषधांचं कपाट आणि भिंतीवर दातांचं चित्र. गणिताच्या तासाला पोटदुखीच्या मुली यायच्या, पीटीच्या तासाला खरचटलेले गुडघे यायचे. मला ते काम फार आवडायचं. वॉर्डात पेशंट बरा झाला की निघून जातो, पुन्हा दिसत नाही. इथे काल ताप आलेली मुलगी आज मधल्या सुट्टीत दारातून हात हलवून जायची.

एप्रिलमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षापासून शाळेच्या नर्सकडे स्कूल नर्सिंगचं वेगळं प्रमाणपत्र हवं. परीक्षा जूनच्या शेवटी. "यू विल पास, इन्शाल्ला," त्या म्हणाल्या, आणि मग टेबलावरचं पेन सरळ ठेवत म्हणाल्या की नाहीतर सप्टेंबरला त्यांना दुसरी नर्स घ्यावी लागेल. त्या चांगल्या बाई होत्या. त्यांना ते सांगताना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, म्हणून मीच "शुक्रन मॅडम" असे आभार मानून बाहेर आले. माझा व्हिसा शाळेचा होता. नापास झाले तर बॅग भरून वसईला परत.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पप्पांची केळीची वाडी आहे. नर्सिंगच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण लिहायच्या जागी मी कितीतरी वेळ पेन धरून बसले होते, शेवटी ऑफिसातल्या बाईंनीच "चौथी पास लिही, त्यात काय" म्हणून सांगितलं होतं. घरात कोणी शिकलेलं नसलं की अभ्यास कसा करायचा हेही कोणी सांगत नाही. मी एक पद्धत माझी मीच काढली होती. पुस्तक पहिल्या पानापासून वहीत उतरवून काढायचं. सगळं. चित्रांखालची नावंसुद्धा. वही भरली की अभ्यास झाला. नर्सिंगची तीन वर्षं मी अशीच पार केली. त्यामुळे या परीक्षेचं जाड पुस्तक हातात आल्यावर मी सूकमधून, इथल्या बाजारातून, सहा लांब वह्या आणल्या आणि लिहायला बसले.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नाशिकच्या वैशालीताई राहायच्या. त्यांचे मिस्टर गॅस कंपनीत, आठवडाभर साइटवर. मुलगी ऋचा, दहा वर्षांची, चौथीत. आमच्या फ्लॅटचा एसी मे महिन्यात बिघडला आणि वैशालीताई म्हणाल्या, "अगं, दुपारी इथेच येऊन बस ना. आम्ही दोघीच तर असतो." म्हणून चार वाजता मी वह्या घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी ऋचा माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"सिस्टर, व्हाय आर यू रायटिंग द होल बुक?"

"अभ्यास करतेय."

"बट इट इज ऑलरेडी रिटन."

स्वयंपाकघरातून वैशालीताई ओरडल्या, "ऋचा, मराठीत बोल. आणि मोठ्यांना असं बोलतात का?" पण ओरडताना त्या हसत होत्या, ते आवाजातच कळत होतं. मीही हसले. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी लागलं होतं, कारण ती बरोबर बोलत होती आणि हे मला पंचविसाव्या वर्षी एक चौथीतली मुलगी सांगत होती. ऋचाने माझी वही मिटली, पुस्तक उलटं करून मागचे सराव प्रश्न काढले आणि समोरची खुर्ची ओढून बसली. ती विचारणार, मी उत्तर देणार. तिचं इंग्रजी वाचन माझ्याहून सफाईदार होतं, फक्त आजारांची नावं ती एखाद्या डोंगरावर चढावं तशी थांबत थांबत वाचायची.

पहिला प्रश्न अजून आठवतो. खेळताना मुलीच्या नाकातून रक्त येऊ लागलं आहे. तुम्ही सर्वप्रथम काय कराल? खाली चार पर्याय.

"डॉक्टरांना कळवीन," मी म्हटलं.

ऋचाने पुस्तकावरून वर पाहिलं. "फॉर नोजब्लीड? इव्हन मम्मा कॅन डू दॅट. शी जस्ट पिंचेस द नोज."

त्या दिवशी चाळीस प्रश्न झाले. अठरा बरोबर आले. चुकलेल्या बावीसपैकी एकोणीस ठिकाणी मी एकच उत्तर दिलं होतं. मुलीला ताप आहे, डॉक्टरांना कळवा. मुलगी रडते आहे आणि कारण सांगत नाही, डॉक्टरांना कळवा. वर्गात उवा झाल्या आहेत, तरी डॉक्टरांना कळवा. ऋचाने शेवटी पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, "सिस्टर, डज द डॉक्टर लिव्ह इन युवर स्कूल?"

नव्हते राहत. आमच्या शाळेत डॉक्टर मंगळवारी दोन तास यायचे. बाकीचे दिवस मी एकटी.

माझा तरी काय दोष होता? मी ज्यांच्याबरोबर राहत होते त्या फिलोमावशींनी मला हेच शिकवलं होतं. फिलोमावशी आईची लांबची बहीण, वीस वर्षं दोह्यातल्या हॉस्पिटलात नर्स. मला इथे आणलं त्यांनीच. आल्या आल्या त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, इथे रविवारची चर्चमधली मिस्सा शुक्रवारी असते, गोंधळ करू नको. आणि दुसरी, "वॉर्डात आपल्याला काही वाटत नसतं गो. आपल्याला काही वाटलं, तर ते डॉक्टरांना सांगायचं. मग त्यांना जे वाटेल ते आपण करायचं." माझ्या ट्रेनिंगमध्येही तेच होतं. स्वतःच्या डोक्याने काही केलं की मेमो. मला ते सोपंही जायचं. घरात पप्पा सांगतील ते, शाळेत बाई सांगतील ते, वॉर्डात डॉक्टर सांगतील ते. मी हुशार समजली जायचे ती ऐकण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ऋचा तयारीने आली होती. तिने कागदावर एक डॉक्टर काढला होता, मोठा चष्मा, हातात बॅग, पायात चपला. "धिस इज युवर डॉक्टर," ती म्हणाली. "ही इज ऑन लीव्ह." आणि त्या दिवसापासून आमचे डॉक्टर रजेवर गेले. मी "डॉक्टरांना" एवढं म्हणायचा अवकाश, ऋचा कागद वर धरायची आणि ते आज कुठे आहेत ते सांगायची. एक दिवस ते सूक वाकिफला पोपट घ्यायला गेले होते आणि पोपट बोलत नाही म्हणून दुकानदाराशी भांडत होते. एक दिवस कॉर्निशवर, समुद्रकाठी, पाय सोडून बसले होते. एकदा न्हाव्याकडे होते, अर्धी दाढी झाली होती, त्यामुळे येऊ शकत नव्हते. "अँड ही स्विच्ड ऑफ हिज मोबाईल," हे शेवटी ठरलेलं. मग मला उरलेल्या तीन पर्यायांतून निवडावं लागायचं. पोरीकडे बघ, तिला काय होतंय ते विचार, नाडी मोज, बसव, धर.

वैशालीताई आतून म्हणायच्या, "अगं, त्या माणसाला एकदा जेवायला तरी बोलवा. फिरून फिरून दमला असेल."

त्या टेबलावरच्या दुपारी आठवल्या की आधी वास आठवतो. वैशालीताईंच्या फोडणीचा आणि एसीतून येणाऱ्या थंड धुळीचा एकत्र. खिडकीला जाड पडदे, बाहेर ऊन इतकं पांढरं की पडद्याच्या फटीतून पट्टी पडल्यासारखं आत यायचं. वैशालीताईंना त्या उन्हाचा फार अभिमान होता. "नाशकात कुरडया वाळायला तीन दिवस. इथे दोन तास. खलास." म्हणून मेच्या एका दुपारी आम्ही तिघी गच्चीवर गेलो, चादर अंथरली आणि गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या. सोऱ्या ऋचाच्या हातून सारखा वाकडा जायचा. खाली आल्यावर तासाभराने खिडकीबाहेरचं ऊन पिवळं झालं, मग तपकिरी. शमाल सुटला होता, उत्तरेकडून वाळू घेऊन येतो तो वारा. आम्ही ओढण्या तोंडाला बांधून वर धावलो. चादरीचं एक टोक टाकीला अडकलं होतं, कुरडयांवर वाळूचा थर. वैशालीताईंनी एक उचलली, फुंकली, दाताखाली धरून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "कतारी झाल्या." त्या आम्ही टाकल्या नाहीत. तळल्यावर करकर जरा जास्त यायची एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत हवा अजून गढूळ होती. दुसऱ्या तासाला दोघी मैत्रिणी एका सातवीतल्या मुलीला धरून घेऊन आल्या. तिला दमा होता. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि खांदे वर उचलले जात होते. मी काय केलं असेल? फोन उचलला. डॉक्टरांचा नंबर मला पाठ होता. पलीकडे रिंग वाजत राहिली. मुलगी बोलायचा प्रयत्न करत होती आणि दोन शब्दांच्या मध्ये थांबत होती. रिंग वाजतच होती. मला एकदम जाणवलं की मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे, आणि जिला बघायचं ती माझ्या पाठीमागे आहे.

मी फोन ठेवला. तिला पलंगावर ताठ बसवलं. कपाटात तिच्या नावाच्या पिशवीत तिचा निळा पंप होता, प्लॅस्टिकची नळी होती, आणि दम लागला तर काय करायचं ते तिच्या डॉक्टरांच्या सहीने लिहिलेला कागदही होता. सगळं कधीचं तिथेच होतं. नळी लावून मी तिला पंप दिला, एकेक करून, मध्ये श्वास मोजत. दहा मिनिटांत शिट्टी विरत गेली, खांदे खाली आले. ती म्हणाली, "सिस्टर, आज हिंदीची टेस्ट आहे. मी टेस्ट देऊ शकणार नाही अशी चिठ्ठी द्याल का?" तेव्हा मला कळलं की ती बरी आहे. तिच्या आईला फोन करून बोलावून घेतलं.

एवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "येस सिस्टर, यू कॉल्ड?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "सर, तिला पंप देऊ का?"

ते म्हणाले, "येस, येस, गिव्ह."

मी म्हटलं, "ओके सर."

घरी येऊन फिलोमावशींना हे सांगताना माझा चेहरा पडलेला होता. मावशी बोंबील साफ करत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगो, तू खरी नर्स झालीस की."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही वीस वर्षं काय करतो? पेशंट निळा पडतोय, तर डॉक्टर लिफ्टने येईपर्यंत बघत बसू? ऑक्सिजन लावून मोकळं व्हायचं. मग ते आले की नम्रपणे विचारायचं, 'डॉक्टर, ऑक्सिजन लावू का?' ते म्हणतात लाव. आपण म्हणतो, 'बरं.' ते खूश, पेशंट खूश."

मला वाटलं होतं मावशी सांगितलेलं करतात. वीस वर्षं त्या स्वतःच ठरवत होत्या, फक्त प्रश्नचिन्ह लावून. "मग मला असं का नाही सांगितलं?" मी विचारलं. मावशी पुन्हा बोंबलांकडे वळल्या. "नवीन पोरीला कसं सांगणार? आधी तुला कळायला तर हवं ना, कधी लावायचा तो ऑक्सिजन."

चार वाजता ऋचाने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि निकाल दिला. "पंप पार्ट इज करेक्ट. फोन पार्ट इज चीटिंग." तिने कागदावर लिहून ठेवलं, अर्धा मार्क.

जूनमध्ये माझे चाळीसपैकी तीस, बत्तीस यायला लागले. सहा वह्यांपैकी पाच कोऱ्या राहिल्या. शुक्रवारी मिस्सेहून परतताना फिलोमावशी म्हणाल्या, "मी वर कळवून ठेवलंय तुझ्या परीक्षेचं." मी ते ऋचाला सांगितलं नाही, तिने त्याचाही अर्धा मार्क कापला असता. शाळा सुटल्या आणि वैशालीताई-ऋचा सुट्टीसाठी नाशिकला निघाल्या, माझ्या परीक्षेच्या चार दिवस आधी. टॅक्सीत बसताना ऋचाने तो डॉक्टरांचा कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "ही इज कमिंग विथ मी टू नाशिक," ती म्हणाली. "सो यू कान्ट कॉल हिम."

परीक्षा अल अझीझिया भागातल्या एका इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये होती. त्या बाजूला तेव्हा सगळीकडे क्रेन उभ्या होत्या. हॉलमध्ये इतकी थंडी होती की माझ्या पुढची फिलिपिनो नर्स स्वेटर घालून बसली होती. प्रश्न सुटत गेले. पोरीकडे बघ, विचार, मोज, बसव. अर्ध्यावर एक प्रश्न आला. आई म्हणते, मुलाला बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट औषध द्या, डॉक्टरांनी तोंडी तसं सांगितलं आहे. तुम्ही काय कराल? आणि तिसरा पर्याय, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

माझं पेन थांबलं. डॉक्टर तर नाशिकला होते. मी बाकीचे तीन पर्याय पुन्हा पुन्हा वाचले. दुप्पट द्यावं? काही न देता मुलाला वर्गात पाठवावं? मधलं काहीतरी द्यावं? मी स्वतःला विचारलं की हे मुलाकडे बघून मला कळेल का. नाही कळणार. नाडी मोजून, कपाळाला हात लावून, हजार प्रश्न विचारूनही नाही. औषधाचं प्रमाण त्यांनी लिहून दिलं होतं, ते त्यांनाच विचारायचं. इतके दिवस मी त्यांना टाळायला शिकत होते, आणि आता लक्षात आलं की मी खरं तर माझं काय आणि त्यांचं काय हे वेगळं करायला शिकत होते. मी मनातल्या मनात ऋचाची माफी मागितली, डॉक्टरांना नाशिकहून बोलावून घेतलं आणि तिसऱ्या पर्यायावर खूण केली. शेजारच्या बाईने मान वळवून पाहिलं, कारण मी हसले होते.

निकालाचं पाकीट ऑगस्टमध्ये शाळेच्या पत्त्यावर आलं. मी पास झाले होते. फार वरच्या मार्कांनी नाही, पण पास. प्रिन्सिपल मॅडमनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा एकदा टेबलावरचं पेन सरळ केलं. वैशालीताईंना मी नाशिकला फोन केला, तर मागून ऋचाचा आवाज आला, "हाऊ मेनी डॉक्टर्स?" मी म्हटलं, "एकच, आणि बरोबर." ती म्हणाली, "ओके. अलाउड."

शेवटी मी फोनचं कार्ड खरवडून घरी फोन लावला. आईने घेतला, ऐकलं, आणि लगेच शेजारी सांगायला गेली, रिसिव्हर तसाच पप्पांच्या हातात देऊन. पप्पा फोनवर फार बोलत नाहीत.

"म्हणजे आता तू तिथे राहशील," ते म्हणाले.

"हो पप्पा."

"बरं झालं."

मी फोन ठेवणार होते. पण पलीकडून ते अजून तिथेच असल्याचं कळत होतं, विहिरीवरच्या पंपाचा आवाज येत होता. मग ते जरा अवघडून म्हणाले, "एक विचारायचं होतं. गुडघा धरलाय गो दोन महिने. इथल्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय. तुझी आई म्हणते, डॉक्टर सांगतात तर करून टाका. तू काय म्हणतेस?"

पप्पांनी आजवर मला काही विचारलं नव्हतं. माझ्या लग्नाचं, नोकरीचं, वाडीतलं, काहीच नाही. घरात विचारायचं ते आम्ही त्यांना. मी काय म्हणते, हा प्रश्न माझ्याकडे पहिल्यांदाच येत होता, तोही त्यांच्याकडून. उत्तर जिभेवर तयार होतं, आईने दिलं होतं तेच. ते मी गिळलं. रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला, स्टूल पायाने पुढे ओढलं आणि बसले.

"पप्पा, आधी मला सांगा, दुखतं कधी? चालताना, की बसून उठताना?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तेही बसले होते.

"उठताना," ते म्हणाले. "थांब, पहिल्यापासून सांगतो."